पूल खेळातील नेमपद्धतींचे मूल्य : एक चिकित्सक विवेचन

गोषवारा

पूल या खेळात लक्ष्य चेंडू पॉकेटमध्ये घालण्यासाठी नेम कसा धरावा, याविषयी अमेरिकेत अनेक पद्धती प्रचलित आहेत. या पद्धतींना शास्त्रीय आधार आहे, की दीर्घ सरावाने येणाऱ्या अंदाजालाच ते दिलेले नाव आहे, हा वाद गेली काही दशके चालू आहे. प्रस्तुत लेखात भूमिती, यांत्रिकी आणि क्रीडामानसशास्त्र या तीन अंगांनी या वादाचा विचार केला आहे. नेमपद्धतीचे मूल्य अचूकतेच्या दाव्यावरून ठरवता येत नाही. शिकण्याच्या एका टप्प्यावर ती जी शिस्त लावते त्यावरून ते ठरवावे लागते, असा निष्कर्ष येथे मांडला आहे.

बीजशब्द : पूल, नेमपद्धती, घोस्ट बॉल, अंशात्मक नेम, कौशल्यसंपादन.

प्रस्तावना

बिलियर्ड्स, स्नूकर आणि पूल हे एकाच कुळातील खेळ आहेत. कापडाने मढवलेल्या मेजावर क्यू नावाच्या काठीने पांढऱ्या चेंडूला टोला द्यायचा आणि त्या चेंडूने दुसऱ्या चेंडूवर आघात करायचा, ही या कुळाची समान कल्पना होय. फ्रेंच गणितज्ञ गास्पार-गुस्ताव्ह द कोरिओलिस यांनी १८३५ मध्ये बिलियर्ड्समधील चेंडूंच्या गतीवर गणिती ग्रंथ लिहिला. म्हणजेच, या खेळाकडे शास्त्राच्या दृष्टीने पाहण्याची परंपरा जवळजवळ दोनशे वर्षांची आहे.

असे असूनही खेळाडूपुढचा सर्वांत साधा प्रश्न आजही वादाचा आहे. पांढऱ्या चेंडूमागे उभे राहिल्यावर नेमके कोठे पाहावे आणि क्यू कोणत्या रेषेत ठेवावा? काही प्रशिक्षक याचे उत्तर एका ठरावीक पद्धतीच्या रूपाने देतात. पुस्तके, चित्रफिती आणि शिकवणीवर्ग यांतून या पद्धती विकल्याही जातात. अशा पद्धतींची गरज नाही, हजारो फटके मारल्यावर नेम आपोआप बसतो, असे दुसऱ्या बाजूचे म्हणणे असते. शिकणाऱ्याजवळ वेळ आणि पैसा दोन्ही मर्यादित असतात. म्हणून हा वाद केवळ तात्त्विक राहत नाही. सरावाचे तास कशावर खर्च करावेत, हा व्यावहारिक प्रश्न त्यातून निर्माण होतो.

लेखाची उद्दिष्टे

१. नेमामागील मूलभूत भूमिती स्पष्ट करणे.
२. प्रचलित नेमपद्धतींचा परिचय करून देणे.
३. या पद्धतींच्या अचूकतेची मर्यादा हिशेबाने तपासणे.
४. कौशल्यसंपादनाच्या दृष्टीने त्यांचे खरे मूल्य निश्चित करणे.

१. नेमाची मूलभूत भूमिती

पूलच्या चेंडूचा व्यास ५७.१५ मिलिमीटर असतो आणि मेजावरील सर्व चेंडू एकाच आकाराचे असतात. नऊ फुटी मेजाची खेळण्याची जागा २५४ सेंटिमीटर लांब व १२७ सेंटिमीटर रुंद असते. दोन चेंडूंचा आघात होतो त्या क्षणी त्यांच्या केंद्रांना जोडणारी जी रेषा असते, त्याच रेषेत लक्ष्य चेंडू पुढे जातो. घर्षणाचा परिणाम तूर्त बाजूला ठेवला तर हा नियम पुरेसा आहे. तेव्हा लक्ष्य चेंडू पॉकेटमध्ये जायचा असेल, तर आघाताच्या क्षणी पांढऱ्या चेंडूचे केंद्र पॉकेट आणि लक्ष्य चेंडू यांच्या रेषेवरच, परंतु पॉकेटच्या विरुद्ध बाजूस, बरोबर एका व्यासाच्या अंतरावर असले पाहिजे.

कॅरम खेळणाऱ्यास ही गोष्ट अनुभवाने ठाऊक असते. सोंगटी कोपऱ्यात ‘कट’ करताना स्ट्रायकर सोंगटीच्या मध्यावर मारून चालत नाही, तो तिच्या एका कडेला लागावा लागतो. फरक इतकाच की स्ट्रायकर सोंगटीपेक्षा मोठा असतो, तर पूलमध्ये दोन्ही चेंडू सारखे असतात.

नवशिक्याची नेहमीची चूक याच ठिकाणी होते. लक्ष्य चेंडूवर जो बिंदू आघाताला हवा, तो त्याला अचूक दिसतो. त्या बिंदूकडे तो पांढऱ्या चेंडूचे केंद्र रोखतो. परंतु चेंडूला जाडी असल्याने केंद्र त्या बिंदूपर्यंत पोहोचण्यापूर्वीच पांढऱ्या चेंडूची बाजू अन्यत्र लागते. ३० अंशांचा कट हवा असताना या चुकीमुळे प्रत्यक्षात सुमारे साडेचौदा अंशांचाच कट मिळतो. बिंदू योग्य असूनही चेंडू चुकतो, आणि का चुकला हे खेळाडूला कळत नाही. सर्व नेमपद्धतींचा जन्म या अडचणीतून झाला आहे.

२. प्रचलित नेमपद्धती

(अ) घोस्ट बॉल : आघाताच्या क्षणी पांढरा चेंडू जेथे असावा तेथे एक काल्पनिक चेंडू ठेवला आहे असे मानायचे आणि त्या चेंडूच्या केंद्राकडे नेम धरायचा, ही सर्वांत परिचित पद्धत. भूमितीच्या दृष्टीने ती निर्दोष आहे. तिची अडचण एवढीच की जेथे नेम धरायचा तेथे मेजावर प्रत्यक्षात काहीच नसते.

(आ) संपर्कबिंदूंची पद्धत : लक्ष्य चेंडूवरील आघातबिंदू निश्चित करून पांढऱ्या चेंडूवरचा त्याचा जोडबिंदू शोधायचा आणि दोन्ही बिंदू एकमेकांस भिडतील असा क्यू ठेवायचा. हीसुद्धा भूमितीला धरून आहे. मात्र पांढऱ्या चेंडूवरचा जोडबिंदू त्याच्या पुढच्या अंगाला असल्याने खेळाडूला दिसत नाही.

(इ) अंशात्मक पद्धत : पांढऱ्या चेंडूने लक्ष्य चेंडूचा किती भाग झाकला जाईल, यावर ही पद्धत आधारलेली आहे. पूर्ण चेंडू झाकला तर सरळ फटका, तीनचतुर्थांश झाकला तर सुमारे १४.५ अंशांचा कट, अर्धा झाकला तर ३० अंशांचा आणि एकचतुर्थांश झाकला तर सुमारे ४८.६ अंशांचा कट मिळतो. अर्ध्या चेंडूच्या फटक्यात पांढऱ्या चेंडूचे केंद्र लक्ष्य चेंडूच्या कडेकडे रोखलेले असते. येथे नेमाला डोळ्यांना दिसणारी खूण मिळते, हा या पद्धतीचा मोठा गुण होय.

इंग्लिश बिलियर्ड्समध्ये अर्ध्या चेंडूच्या फटक्याला पूर्वीपासून मानाचे स्थान आहे. पुण्यात १९२२ मध्ये जन्मलेले आणि १९५८ व १९६४ मध्ये जागतिक हौशी बिलियर्ड्स विजेतेपद मिळवणारे विल्सन जोन्स याच खेळाचे खेळाडू होते. तेथे या फटक्याला विशेष कारण आहे. गडगडत जाणारा पांढरा चेंडू लक्ष्य चेंडूच्या साधारण अर्ध्या भागावर लागला, तर आघातात थोडी चूक होऊनही पांढऱ्या चेंडूची पुढील दिशा फारशी बदलत नाही. पांढरा चेंडूच पॉकेटमध्ये घालून गुण मिळवायचा असेल तेव्हा ही सवलत मोलाची ठरते. पूलमध्ये मात्र लक्ष्य चेंडू पॉकेटमध्ये घालायचा असतो आणि त्याच्या दिशेला अशी सवलत मिळत नाही. एका खेळात भौतिक कारणाने उपयुक्त असलेली खूण दुसऱ्या खेळात केवळ दृष्टीची खूण म्हणून उरते, हे येथे लक्षात घेतले पाहिजे.

(ई) पिव्हट पद्धती : यांतील सर्वाधिक चर्चा ‘सेंटर टू एज’ या पद्धतीची झाली. हॅल हाऊल या अमेरिकन प्रशिक्षकाच्या नावाशी ती जोडली जाते. पुढे स्टॅन शफेट यांनी तिचे ‘प्रो वन’ या नावाने विस्तृत रूप मांडले. पांढऱ्या चेंडूचे केंद्र व लक्ष्य चेंडूची कड यांना जोडणारी रेषा प्रथम पाहायची, क्यूचे टोक केंद्रापासून किंचित बाजूला ठेवायचे आणि मग क्यू वळवून टोक केंद्रावर आणायचे, असा या पद्धतींचा सर्वसाधारण क्रम असतो. मोजक्या ठरावीक मांडण्यांमधून सर्व कट साधता येतात, हा त्यांच्याविषयी केला जाणारा सर्वांत मोठा दावा होय.

३. अचूकतेचा हिशेब

हा दावा तपासण्यासाठी प्रथम पॉकेट किती चूक सहन करते ते पाहावे लागेल. कोपऱ्यातील पॉकेटचे तोंड ११.४ सेंटिमीटर, म्हणजे चेंडूच्या दुप्पट रुंद आहे असे धरू. चेंडू कडांना न लागता आत जायचा असेल, तर त्याच्या केंद्राला मध्यापासून दोन्ही बाजूंना सुमारे २.९ सेंटिमीटर इतकीच मोकळीक मिळते. कडेला घासून आत पडणारे चेंडू किंवा तिरकस दिशेने येताना अरुंद होणारे तोंड, या गोष्टी येथे हिशेबात घेतलेल्या नाहीत.

लक्ष्य चेंडू पॉकेटपासून एक फुटावर असेल, तर या मोकळिकीचा कोन दोन्ही बाजूंना मिळून सुमारे १०.७ अंश भरतो. दोन फुटांवर तो सुमारे ५.४ अंश आणि चार फुटांवर सुमारे २.७ अंश होतो. आता एका बाजूचे शून्य ते ऐंशी अंशांचे सर्व कट साधायचे असतील, तर एक फुटावर किमान आठ, दोन फुटांवर पंधरा आणि चार फुटांवर सुमारे तीस वेगवेगळ्या मांडण्या लागतील.

या आकड्यांमधून वादाचा बराचसा भाग उलगडतो. चेंडू पॉकेटजवळ असताना सात-आठ मांडण्यांची कोणतीही पद्धत यशस्वी होते, कारण पॉकेट चूक पोटात घालते. त्या यशाने खेळाडूचा पद्धतीवरील विश्वास दृढ होतो. चेंडू अर्ध्या मेजावर गेला की त्याच मांडण्यांमध्ये मोठ्या फटी राहतात. उदाहरणार्थ, अंशात्मक पद्धतीत अर्ध्या आणि एकचतुर्थांश चेंडूच्या दरम्यान १८ अंशांहून अधिक अंतर आहे. या फटी भरून काढण्यासाठी खेळाडू नकळत क्यू थोडा सरकवतो. चेंडू आत जातो तेव्हा श्रेय पद्धतीला मिळते, परंतु अखेरची दुरुस्ती अनुभवाने केलेली असते.

पिव्हट पद्धतीत आणखी एक अडचण आहे. क्यूला आधार देणारा हात, ज्याला ब्रिज म्हणतात, तो पांढऱ्या चेंडूपासून २५ सेंटिमीटरवर आहे आणि क्यूचे टोक केंद्रापासून ६.५ मिलिमीटर बाजूला आहे असे समजू. ब्रिजभोवती क्यू वळवल्यावर, तीन फुटांवरील लक्ष्य चेंडूजवळ नेमरेषा सुमारे २४ मिलिमीटर सरकते. ब्रिज ३० सेंटिमीटरवर असेल तर ती सुमारे २० मिलिमीटरच सरकते. म्हणजे हात पाच सेंटिमीटर मागे-पुढे झाल्याने चार मिलिमीटरचा फरक पडतो. लक्ष्य चेंडू पॉकेटपासून चार फुटांवर असताना ३० अंशांच्या कटला दोन्ही बाजूंना जेमतेम १.२ मिलिमीटरची चूक चालते. त्याचप्रमाणे दोन चेंडूंमधील अंतर बदलले की त्याच पिव्हटचा परिणामही बदलतो. अंतराचा उल्लेखही न करणारी पद्धत सर्व अंतरांवर सारखीच अचूक असू शकत नाही, असे यावरून म्हणता येते.

४. भूमितीच्या पलीकडील घटक

आतापर्यंतच्या विवेचनात चेंडू घर्षणरहित मानले होते. प्रत्यक्षात आघाताच्या क्षणी दोन चेंडूंचे पृष्ठभाग एकमेकांवर घासतात आणि लक्ष्य चेंडू केंद्ररेषेपासून किंचित ढकलला जातो. यास ‘थ्रो’ म्हणतात. हळू फटक्यात तो अधिक असतो. पांढऱ्या चेंडूला दिलेल्या फिरकीनुसार तो वाढतो, घटतो किंवा नाहीसाही होतो. चेंडू मळलेले असतील तर त्यात भर पडते. केवळ तीन अंशांचा थ्रो चार फुटांच्या अंतरावर चेंडूला सुमारे ६.४ सेंटिमीटर, म्हणजे एका चेंडूच्या व्यासाहून अधिक, बाजूला नेतो.

पांढऱ्या चेंडूला डावी-उजवी फिरकी देण्यासाठी क्यू मध्याच्या बाजूला मारला, तर चेंडू क्यूच्या रेषेत न जाता विरुद्ध बाजूस थोडा सरकून निघतो. क्यूचा मागचा भाग उचललेला असल्यास त्याचा मार्ग पुढे वक्रही होतो. या परिणामांचे प्रयोगांसह विवेचन अमेरिकेतील कोलोरॅडो स्टेट विद्यापीठात यंत्र अभियांत्रिकीचे अध्यापन केलेल्या डेव्हिड अल्सियाटोरे यांनी विस्ताराने केले आहे. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेला त्यांचा सचित्र ग्रंथ या विषयाच्या अभ्यासकांना परिचित आहे.

घोस्ट बॉलची निर्दोष भूमितीही या घटकांपुढे अपुरी पडते. त्यामुळे कोणतीही नेमपद्धती ही नेमाची सुरुवात असते. वेग, फिरकी, कापडाची आणि चेंडूंची स्थिती यांनुसार करावयाची दुरुस्ती तिच्या बाहेरच राहते.

५. कौशल्यसंपादनाची दृष्टी

भूमितीने पद्धतींचे दावे अपुरे ठरवले, म्हणून त्या निरुपयोगी ठरतात काय? याचे उत्तर देण्यासाठी मनुष्य कौशल्य कसे आत्मसात करतो ते पाहणे आवश्यक आहे. पॉल फिट्स आणि मायकेल पोस्नर यांनी १९६७ मध्ये कौशल्यसंपादनाचे तीन टप्पे मांडले. पहिल्या टप्प्यावर शिकणारा प्रत्येक कृती जाणीवपूर्वक, सूचनांच्या आधारे करतो. दुसऱ्या टप्प्यावर चुका ओळखून तो कृती सुधारतो. तिसऱ्या टप्प्यावर कृती सहज होते व तिच्याकडे लक्ष द्यावे लागत नाही.

पहिल्या टप्प्यावरील खेळाडूला ‘अंदाजाने मार’ असे सांगणे म्हणजे काहीच न सांगण्यासारखे आहे. अंदाज येण्यासाठी लागणारा अनुभव त्याच्यापाशी नसतो. अशा वेळी अर्ध्या चेंडूची खूण किंवा काल्पनिक चेंडूची कल्पना त्याला आधार देते. पद्धतीचा दुसरा लाभ अधिक महत्त्वाचा आहे. फटका चुकला तर नेम चुकला की क्यूची चाल वाकडी झाली, हे नवशिक्याला समजत नाही. दोन्ही गोष्टी प्रत्येक वेळी बदलत असतील तर चुकीचे कारण कधीच हाती लागत नाही. नेम एका पद्धतीने स्थिर ठेवला तर उरलेली चूक बहुधा हाताची आहे, असा तर्क करता येतो.

नेमपद्धतीमुळे खेळाडूची नजरही स्थिरावते. मार्क विल्यम्स, रॉबर्ट सिंगर व शेन फ्रेलिक यांनी २००२ मध्ये बिलियर्ड्स खेळाडूंवर केलेल्या अभ्यासात, कुशल खेळाडूंची फटक्यापूर्वीची अखेरची स्थिर नजर अकुशल खेळाडूंपेक्षा अधिक काळ टिकते, असे आढळले. पिव्हट पद्धतीचा खेळाडू फटक्यापूर्वी ठरलेल्या रेषा ठरलेल्या क्रमाने पाहतो. त्याचा खेळ सुधारतो तो कदाचित या शिस्तीमुळे. मात्र ही सुधारणा पिव्हटच्या भूमितीची सिद्धता ठरत नाही.

या चित्राची दुसरी बाजूही आहे. रिच मास्टर्स यांनी १९९२ मध्ये गोल्फच्या पटिंगवर केलेल्या प्रयोगात, स्पष्ट नियम शिकून तयार झालेल्यांचे कौशल्य तणावाखाली अधिक डळमळते, असे दिसून आले. सामन्याच्या निर्णायक क्षणी अंश, खुणा आणि पिव्हट यांची मनात उजळणी करणाऱ्या खेळाडूपुढे हाच धोका असतो. म्हणून पहिल्या टप्प्यावरचा आधार तिसऱ्या टप्प्यावर अडथळा होऊ शकतो. तत्त्वज्ञ गिल्बर्ट राइल यांनी १९४९ मध्ये ‘एखादी गोष्ट ठाऊक असणे’ आणि ‘ती करता येणे’ यांत जो भेद केला, तो येथे तंतोतंत लागू पडतो.

६. वादातील दोन्ही बाजूंचे मूल्यमापन

‘दहा लाख चेंडू मारा’ हे अमेरिकन पूलमध्ये पद्धतविरोधकांचे आवडते वचन आहे. सरावाचे महत्त्व निर्विवाद असले तरी या वचनात एक त्रुटी आहे. चुकीच्या रेषेत उभे राहून मारलेले दहा लाख चेंडू चुकीचीच सवय पक्की करतात. दुसरीकडे, समर्थक आपल्या यशाचे दाखले देतात, परंतु त्या यशात पद्धतीचा वाटा किती आणि त्यासाठी केलेल्या सरावाचा किती, हे वेगळे काढत नाहीत. नवी पद्धत शिकणारा खेळाडू त्या काळात नेहमीपेक्षा जास्त तास मेजापाशी घालवतो, ही साधी गोष्ट विसरली जाते.

याशिवाय, नेमाला खेळात किती वजन द्यावे हाही प्रश्न आहे. विली मॉस्कोनी यांनी १९५४ मध्ये ओहायोतील स्प्रिंगफील्ड येथे स्ट्रेट पूलमध्ये सलग ५२६ चेंडू पॉकेटमध्ये घातले. हा विक्रम २०१९ मध्ये जॉन श्मिट यांनी ६२६ चेंडूंसह आणि २०२२ मध्ये जेसन शॉ यांनी ७१४ चेंडूंसह मागे टाकला. अशा दीर्घ खेळीत पांढरा चेंडू प्रत्येक वेळी पुढच्या चेंडूच्या जवळ आणि सोयीच्या कोनात आणून ठेवावा लागतो. वर केलेल्या हिशेबाप्रमाणे, आठ मांडण्या पुरतील असे फटके स्वतःसाठी निर्माण करणे आणि तीस मांडण्या लागतील असे फटके टाळणे, यातच कौशल्याचा मोठा भाग आहे. नेमपद्धतीच्या जाहिरातीत ही बाजू सहसा येत नाही.

७. शिकणाऱ्यासाठी परीक्षणाची रीत

कोणत्याही पद्धतीचा खरेपणा खेळाडूला स्वतः तपासता येतो. दोन्ही चेंडूंच्या जागा मेजावर छोट्या कागदी खुणांनी निश्चित करून एकच फटका वीस वेळा मारावा आणि चेंडू पॉकेटच्या कोणत्या बाजूला चुकला याची नोंद ठेवावी. सर्व चुका एकाच बाजूला असतील तर नेमात किंवा थ्रोच्या अंदाजात दोष आहे. चुका दोन्ही बाजूंना विखुरल्या असतील तर क्यूची चाल सुधारली पाहिजे, आणि तेथे नवी नेमपद्धती विकत घेऊन लाभ होणार नाही. पद्धत शिकल्यानंतर, पूर्वी कधीही न मारलेल्या मांडणीवर पुन्हा अशीच चाचणी घ्यावी. सवयीच्या फटक्यावरील यश स्मरणाचे असते. अपरिचित फटक्यावर पद्धत उपयोगी पडली तरच तिच्या दाव्याला अर्थ आहे.

निष्कर्ष

१. घोस्ट बॉल व संपर्कबिंदू या पद्धती भूमितीच्या दृष्टीने बरोबर आहेत, परंतु थ्रो व फिरकी यांचा विचार त्यांत नसतो.
२. मोजक्या मांडण्यांवर आधारलेल्या पद्धती पॉकेटजवळच्या चेंडूंसाठी पुरेशा आहेत. अंतर वाढल्यावर त्यांतील फटी खेळाडूच्या अनुभवानेच भरल्या जातात.
३. नेमपद्धतीचे मूल्य आरंभीच्या टप्प्यावर सर्वाधिक असते. ती नजरेला खूण देते, फटक्यापूर्वीचा क्रम निश्चित करते आणि चुकीचे कारण शोधण्यास मदत करते.
४. कौशल्य सहज झाल्यावर पद्धतीची जाणीवपूर्वक उजळणी तणावाच्या प्रसंगी हानिकारक ठरू शकते.

समारोप

नेमपद्धती ही इमारत बांधताना उभारलेल्या पराचीसारखी आहे. पराचीवाचून भिंत उंच चढत नाही, परंतु बांधकाम पुरे झाल्यावर परांची उतरवावीच लागते. परांचीलाच इमारत म्हणून विकणाऱ्याचा दावा मान्य करता येत नाही. त्याचबरोबर, आपली भिंत परांचीवाचून उभी राहिली असे सांगणाऱ्या निपुण खेळाडूला बहुधा स्वतःच्या शिकाऊपणाचे दिवस आठवत नसतात. पद्धत कोणत्या टप्प्यावर, किती काळ आणि कशासाठी वापरायची याचे भान शिकणाऱ्याला आणि शिकवणाऱ्याला असेल, तर मर्यादित तासांचा सराव वाया जाणार नाही.